उंबरठ्यावरचे मौन

आजच्या धाग्याचा विषय नेहमीपेक्षा निराळा आहे. शिलालेख नाही, सनद नाही, मोडी दप्तर नाही. विषय आहे संगणकाच्या इन्स्टॉलरचा, म्हणजे कोऱ्या यंत्रावर विंडोज किंवा लिनक्स चढवताना जो कार्यक्रम आपल्याला एकामागून एक प्रश्न विचारतो त्याचा. आमच्या परभणीत या क्रियेला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. इतिहासाच्या विद्यार्थिनीने यात नाक का खुपसावे, असे कुणी विचारील. अंध माणसाला हे काम ऐकत ऐकत, स्वतःच्या हाताने पुरे करता यावे यासाठी गेल्या पाव शतकात जे घडले तो इतिहासच आहे. आणि त्यात मराठीच्या वाट्याला जे आले ते नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मराठी अंध वापरकर्त्याच्या आड तंत्रज्ञान आलेले नाही. इन्स्टॉलरचे मराठी भाषांतर झालेले आहे. मराठी बोलणारा आवाजही तयार आहे. आड आली आहे ती डोळसांची एक फार जुनी सवय: अक्षर दिसले तरच ते आहे, असे मानण्याची.

आता मूळ अडचण पाहू. अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधाराने. पडद्यावरचा मजकूर हा कार्यक्रम उचलतो आणि आवाज निर्माण करणाऱ्या दुसऱ्या कार्यक्रमाच्या हवाली करतो. विकतचे स्क्रीन रीडर फार महाग होते, म्हणून मायकेल करन या दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली एनव्हीडीए लिहायला घेतला. जेम्स टेह हा त्याचा तसाच दृष्टिहीन मित्र पुढे त्याच्या सोबतीला आला. आज तो जगभर विनामूल्य वापरला जातो. परंतु स्क्रीन रीडर हा ऑपरेटिंग सिस्टिमच्या घरातला भाडेकरू आहे. घरच बांधून झालेले नसेल तर तो राहणार कुठे? कोऱ्या यंत्रावर बोलणारे कुणीच नसते. आणि नेमके त्याच वेळी सर्वांत धोक्याचे प्रश्न विचारले जातात: कोणत्या डिस्कवर, कोणत्या भागात, जुने ठेवायचे की पुसायचे. एक बाण-कळ चुकीची दाबली गेली तर आयुष्यभराच्या टिपणांवरून बोळा फिरतो.

माझा एक सहाध्यायी दृष्टिहीन आहे. एम.ए.च्या वर्गात मराठवाड्याच्या मध्ययुगीन इतिहासावर त्याच्याइतके नेमके बोलणारे फार थोडे होते. त्याचा जुना लॅपटॉप बिघडला तेव्हा तो एका दुकानात द्यावा लागला. दोन दिवसांनी ‘सगळे ओके आहे’ असे सांगून तो परत मिळाला. पडदा खरोखरच ओके होता. आवाजाचा ड्रायव्हर मात्र चढवलेला नव्हता. दुकानदाराने यंत्र सुरू करून पाहिले, रंगीत चित्र दिसले, काम संपले. दुष्टावा मुळीच नव्हता. पैसेही त्याने कमीच घेतले. पण यंत्र ‘चालू’ झाले की नाही हे तपासण्याची त्याची कसोटी डोळ्यांची होती आणि ज्याचे यंत्र होते त्याच्या लेखी ते बंदच होते.

परभणीच्या माणसाला ही अवस्था अपरिचित नसावी. निजामाच्या राज्यात हा जिल्हा मराठी बोलणारा होता. कचेरीची भाषा मात्र आधी फारसी आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. ज्याला मराठी उत्तम लिहिता-वाचता येत होते, पोथी वाचता येत होती, हिशेब ठेवता येत होता, असा माणूस तहसिलीच्या पायरीवर पाय ठेवताच निरक्षर ठरे. मग अर्जनवीस गाठायचा, त्याला आपले गाऱ्हाणे तोंडी सांगायचे, त्याने काय लिहिले यावर विश्वास ठेवायचा आणि खाली अंगठा किंवा सही करायची. अर्जनवीस प्रामाणिक असला तरी प्रश्न सुटत नसे, कारण आपल्याच अर्जात काय लिहिले आहे हे पडताळण्याचे साधन अर्जदाराजवळ नसे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आले, पुढे राज्याच्या कारभाराची भाषा मराठी झाली आणि निदान मराठी वाचणाऱ्यापुरती ती पायरी मोकळी झाली. माझ्या सहाध्यायाची साक्षरता आजही अशाच एका पायरीवर अडते. त्याचा अर्जनवीस पेनड्राइव्ह घेऊन येतो, एवढाच फरक.

मध्यस्थाकरवी ज्ञानव्यवहार करण्याची परंपरा आपल्याकडे मोठी आहे आणि तिच्याविषयी आपण फार हळवेपणाने बोलतो. याच जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंचे अभंग साक्षात पांडुरंगाने लिहून घेतले अशी आख्यायिका आहे. विदर्भातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच दृष्टी गमावलेले. इतरांकडून ग्रंथ वाचून घेत आणि इतरांना सांगून लिहवीत त्यांनी केवढी ग्रंथरचना केली! त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटले गेले ते योग्यच. तथापि ‘प्रज्ञाचक्षू’ या गौरवाच्या शब्दाआड एक गोष्ट झाकली जाते. वाचणारा आणि लिहिणारा माणूस हजर असेल तेव्हाच ती प्रज्ञा कागदावर उतरत होती. प्रत्येकाला पांडुरंग मिळत नाही. बहुतेकांना परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत शोधावा लागणारा लेखनिक मिळतो.

तर, बोलणाऱ्या इन्स्टॉलरकडे वळू. सुरुवातीच्या काळात उपाय होता तो वेगळे बोलके यंत्र संगणकाला जोडण्याचा. ही यंत्रे स्वतःच आवाज तयार करत. संगणकाने त्यांना फक्त अक्षरे पाठवायची. कॅनडातील कर्क रायझर या दृष्टिहीन प्रोग्रामरने लिनक्ससाठी ‘स्पीकअप’ लिहिला तो या कल्पनेवर. स्पीकअप ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये बसतो. त्यामुळे घर बांधले जात असतानाच, पहिल्या विटेपासून तो बोलू शकतो. कल्पना अव्वल होती. पण ते बोलके यंत्र विकत घेण्याची ऐपत युरोप-अमेरिकेतही सर्वांची नव्हती. मग आपल्याकडे काय सांगावे.

वेगळे यंत्र न घेता, संगणकातल्याच ध्वनिकार्डातून बोलणारा इन्स्टॉलर डेबियन या मुक्त प्रणालीने मे २०१३ मध्ये, सातव्या आवृत्तीबरोबर जाहीर केला. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील खेळण्यांची नावे देण्याचा प्रघात आहे. सातवीचे नाव होते ‘व्हीझी’. चित्रपटातला व्हीझी म्हणजे ज्याच्या पोटातली शिट्टी बिघडल्याने आवाज गेला आहे असा रबरी पेंग्विन! ज्या आवृत्तीत इन्स्टॉलरला कंठ फुटला तिला आवाज हरवलेल्या खेळण्याचे नाव मिळावे, हा योगायोग इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थिनीला सोडवणार नाही.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगते, कारण त्यातल्या बारकाव्यांत फार मोठी समज दडलेली आहे. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू केले की मेनू तयार झाल्याची खूण म्हणून संगणक ‘बीप’ करतो. ती ऐकली की ‘एस’ दाबायचे, मग एंटर. पुढचे सारे बोलून विचारले जाते. यंत्रात एकाहून अधिक ध्वनिकार्डे असतील, आणि हल्ली ती असतातच, तर इन्स्टॉलर प्रत्येकातून आळीपाळीने बोलतो आणि सांगतो: माझा आवाज ऐकू आला तर एंटर दाबा. ज्या कार्डातून ऐकू आले त्यावर कळ दाबली जाते आणि निवड होते. नव्या आवृत्त्यांत तर मेनूसमोर काहीच दाबले नाही तर थोड्या वेळाने आवाजाचाच मार्ग आपोआप सुरू होतो. ज्याला दिसते तो पडदा पाहून काहीतरी निवडीलच. ज्याने काहीच निवडले नाही त्याला कदाचित पडदा दिसत नसेल, हा यामागचा विचार. काही न बोलणाऱ्या माणसाविषयी एखाद्या कार्यक्रमाने इतका सभ्य तर्क केलेला मी तरी अन्यत्र पाहिलेला नाही.

मोठ्या कंपन्यांची हकीकत थोडक्यात. अॅपलने २००५ साली ‘टायगर’ आवृत्तीत व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर प्रणालीतच घातला. मायक्रोसॉफ्टचा ‘नॅरेटर’ विंडोज २००० पासून आहे. पण विंडोज चढवण्याच्या प्रक्रियेत तो बोलू लागायला २०१७ उजाडले. मधली सतरा वर्षे बोलणारा घरात होता आणि दार उघडताना मात्र मुका होता. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांची गोष्ट याच्या उलट आहे. ‘क्नॉपिक्स’ ही न चढवता थेट चालणारी लिनक्स प्रणाली त्यांची. त्यांची पत्नी आद्रियाने दृष्टिबाधित. त्यांच्या वापरासाठी क्नॉपर यांनी सुरू होताच बोलणारा एक मार्ग तयार केला आणि त्याला नावही ‘आद्रियाने’ असेच दिले. जिथे गरज घरात होती तिथे आवाज आधी आला.

आता जरा मागे, पॅरिसला जाऊ. १७८५ च्या सुमारास व्हालांतँ आउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. वाचनासाठी त्यांनी जाड कागदावर उठावदार रोमन अक्षरे छापवली. हेतू निर्मळ होता. परंतु ती अक्षरे बोटांसाठी घडवलेली नव्हती. डोळ्यांसाठी घडवलेली अक्षरेच तेवढी फुगवली होती. बोटांना ती चाचपत ओळखावी लागत आणि लिहिता तर मुळीच येत नसत. त्याच शाळेतल्या लुई ब्रेल या विद्यार्थ्याने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, सहा टिंबांची लिपी सिद्ध केली. मुलांनी ती तत्काळ उचलली. डोळस शिक्षकांना मात्र ती रुचली नाही, कारण ती त्यांना वाचता येत नव्हती. १८४० च्या सुमारास त्या शाळेत ब्रेलवर बंदी आली. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये; ब्रेल १८५२ सालीच गेले होते.

पॅरिसची ही आठवण काढली ती मराठीसाठी. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आला तो फेब्रुवारी २००९ मध्ये, पाचव्या आवृत्तीबरोबर. त्या आवृत्तीत इन्स्टॉलर ६३ भाषांत उपलब्ध होता. नव्याने आलेल्या भाषांत अम्हारिक, आयरिश, उत्तर सामी आणि सर्बियन यांच्या पंगतीला मराठी होती. भाषांतराचे काम मुंबईच्या सी-डॅकमधील ‘जनभारती’ प्रकल्पातून झाले. हे काम किती कष्टाचे असते याची कल्पना ‘पार्टिशन’, ‘माउंट’, ‘मिरर’ या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधून पाहिल्यावाचून येणार नाही. त्या भाषांतरकारांविषयी मला मनापासून आदर आहे.

पण हे मराठी भाषांतर नांदते ते इन्स्टॉलरच्या चित्रमय मार्गावर, म्हणजे जिथे माउस, खिडक्या आणि रंग असतात तिथे. कारण उघड आहे. साधा मजकूर दाखवणारा काळा पडदा, ज्याला कन्सोल म्हणतात, तो मोजक्याच अक्षराकृती बाळगू शकतो. त्याला ‘क्ष’ नीट काढता येत नाही, ‘र्‍या’ काढता येत नाही, वेलांटी व्यंजनाच्या आधी नेऊन बसवता येत नाही. म्हणून भारतीय लिप्यांतल्या भाषांची सोय चित्रमय मार्गावर लावली गेली. आणि आवाजाचा मार्ग? तो स्पीकअपवर उभा आहे, आणि स्पीकअप कन्सोलवर राहतो. एका रस्त्यावर मराठी, दुसऱ्या रस्त्यावर आवाज.

विचार करा. जो माणूस पडदा पाहतच नाही, त्याला त्याच्या भाषेपासून दूर ठेवणारे कारण हे की ती भाषा पडद्यावर सुंदर उमटत नाही! जोडाक्षर मोडके दिसले काय, चौकोन दिसले काय, माझ्या सहाध्यायाला त्याचे सोयरसुतक नाही. त्याला ‘क्ष’ ऐकायचा आहे. आउईंची उठावदार अक्षरे आणि हा कन्सोलचा अडसर एकाच कुळातले आहेत.

आणखी एक तपशील आहे, तो मला अधिक बोचतो. २०१७ पर्यंत स्पीकअपला युनिकोडच येत नव्हते. पश्चिम युरोपच्या भाषांना पुरेशी अशी २५६ चिन्हांची एक जुनी यादी, तेवढेच त्याचे जग. फ्रेंचमधले टोपीवाले स्वर त्याला ठाऊक होते. देवनागरीचा ‘अ’ त्याच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. फ्रान्समधील साम्युएल तिबो, जे डेबियनच्या सुगम्यतेचे काम दीर्घकाळ पाहत आले आहेत, त्यांनी त्या वर्षी कर्नेलमध्ये युनिकोडची वाट काढली. म्हणजे बोलणारा इन्स्टॉलर जाहीर झाल्यावर चार वर्षे देवनागरी या दारातून आत येणेच अशक्य होते. २०१७ नंतर ते अशक्य राहिलेले नाही. दार उघडले ते परक्या माणसाने. आत पाऊल टाकण्याचे काम आपले होते.

आवाजाच्या मार्गावरचा पहिला प्रश्न, भाषा कोणती, हा आजही इंग्रजीतच बोलला जातो. नंतरचे संभाषण निवडलेल्या भाषेत होते, जर त्या भाषेचा आवाज उपलब्ध असेल तर. हा आवाज येतो ‘ईस्पीक एनजी’ या कार्यक्रमातून. त्याचे मूळ १९९५ सालचे, इंग्लंडच्या जोनाथन डडिंग्टन यांनी एकॉर्न संगणकांसाठी लिहिलेल्या एका छोट्या कार्यक्रमात. २०१५ च्या अखेरीपासून तो नव्या नावाने सामूहिकपणे वाढवला जातो. आवाज रुक्ष, यांत्रिक आहे, गोडवा नाही. पण तो आकाराने इतका लहान आहे की इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हमध्ये सहज मावतो, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. त्याच्या भाषांच्या यादीत मराठी आहे.

मराठीला बोलते करण्याचे हे पहिलेच काम नव्हे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सिम्प्युटर प्रकल्पातून निघालेला ‘ध्वनी’ हा मुक्त कार्यक्रम पुढे संतोष तोट्टिंगल यांनी सांभाळला. त्याला मराठी येत होती. पुण्याच्या सी-डॅकने कोलकात्याच्या वेबेलबरोबर ‘श्रुतिदृष्टी’ तयार केला, ज्यात आवाज आणि ब्रेल दोन्ही होते. प्रत्येक काम चांगले. परंतु एकाचा हात दुसऱ्याला लागला नाही.

हे चित्र ब्रेलच्या बाबतीत आपण पूर्वी पाहिलेले आहे. १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प यांनी अंधशाळा काढली. १९०० मध्ये, दुष्काळाच्या पाठोपाठ, अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत. ज्याने त्याने आपापल्या सोयीने भारतीय अक्षरांना टिंबे वाटली. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक वाचता येईना. अर्धे शतक असे गेले. अखेर १९५१ साली ‘भारती ब्रेल’ ठरली: ‘क’ या ध्वनीला एकच खूण, मग भाषा मराठी असो, बंगाली असो वा तमिळ. त्याच वर्षी देहरादूनला ब्रेल छापखाना सुरू झाला. मला यातले राजकारण नव्हे, तर्क महत्त्वाचा वाटतो. भारती ब्रेलने अक्षराचा आकार पाहिला नाही, ध्वनी पाहिला. देवनागरी आणि तमिळ दिसायला निराळ्या आहेत ही डोळ्यांची अडचण बोटांवर लादली नाही. १९५१ मध्ये आपल्याला जे कळले होते ते संगणकाच्या बाबतीत आपण विसरलो.

‘आता कोण ऑपरेटिंग सिस्टिम चढवतो? लॅपटॉप तयारच मिळतो, आणि फोन तर बोलतोच’ हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. फोन बोलतो हे खरे; पण तो बोलतो कारण तसे ठरवले गेले. २००९ च्या आयफोनपासून व्हॉइसओव्हर आहे. अँड्रॉइडचा नवा फोन उघडून पहिल्याच पडद्यावर दोन बोटे टेकवून ठेवली की टॉकबॅक सुरू होतो. म्हणजे पहिल्या क्षणापासून बोलणे शक्य आहे हेच फोनने सिद्ध केले. तयार लॅपटॉपची गोष्ट पैसेवाल्यांची. आमच्याकडे विद्यार्थी जुने यंत्र विकत घेतात, महाविद्यालयाच्या संगणक कक्षात वर्षानुवर्षे तीच यंत्रे पुन्हा पुन्हा चढवली जातात. आणि समजा, गरज वर्षातून एकदाच पडली. मतदान तर पाच वर्षांतून एकदाच असते.

शिवाय या आक्षेपात एक गृहीत लपलेले असते की अंध माणूस हा फक्त वापरणारा, घडवणारा कुणी दुसरा. मुंबईचे कृष्णकांत माने स्वतः दृष्टिहीन आहेत आणि ‘जीएनयूखाता’ या मुक्त हिशेबप्रणालीच्या निर्मितीचे नेतृत्व त्यांनी केले आहे. कर्क रायझर, मायकेल करन, जेम्स टेह यांची नावे वर आलीच. या इतिहासातली बरीचशी मोठी कामे ज्यांना गरज होती त्यांनीच केली आहेत. मग मराठी अंध मुलाच्या हातून संगणकाची मुळाक्षरेच काढून घेण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कायद्याची बाजू दुबळी नाही. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सुगम असावे असे स्वतंत्र कलम आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत असे बजावले. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून आणि त्याबरोबर ऐकल्या गेलेल्या मुंबईचे दृष्टिहीन वकील अमर जैन यांच्या याचिकेवर निकाल देताना, डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे म्हटले. या निकालांत इन्स्टॉलरचा उल्लेख नाही. पण संगणकच सुरू करता येत नसेल तर पुढच्या सुगम संकेतस्थळांचे कौतुक कशाला?

आपल्या सरकारची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम आहे, ‘बॉस’ नावाची. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली, डेबियनवर आधारलेली, भारतीय भाषांचा अभिमान मिरवणारी. भाषांतर सी-डॅकच्या मुंबई शाखेत झाले, श्रुतिदृष्टी पुण्याच्या शाखेत, बॉस चेन्नईच्या. तिन्ही खोल्या एकाच वाड्यातल्या! मधल्या भिंतीला दार पाडायचे आहे, एवढेच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तेव्हापासून अनुवाद, परिसंवाद, अध्यासने यांची चर्चा चालू आहे. राज्य मराठी विकास संस्थेने युनिकोडच्या प्रसारासाठी पूर्वी काम केलेले आहे. त्याच अधिकाराने तिने हे काम हाती घ्यावे: बोलणाऱ्या मार्गावर मराठी आणावी, भाषेचा पहिला प्रश्न मराठीतही ऐकू यावा, आणि तसा तयार पेनड्राइव्ह जिल्हा ग्रंथालयात मागेल त्याला मिळावा. खर्च एखाद्या परिसंवादाच्या मंडपाहून अधिक होईल असे मला वाटत नाही.

विद्यापीठांकडूनही माझी अपेक्षा आहे, आणि ती संगणक विभागापेक्षा मराठी विभागाकडून जास्त आहे. ईस्पीकचा मराठी आवाज अजून पुष्कळ ठिकाणी अडखळतो. आपले ‘च’ आणि ‘ज’ दोन-दोन उच्चारांचे. लिहिताना फरक नाही. ‘चार’ मधला च तालव्य, ‘चारा’ मधला दंततालव्य. ‘जग’ म्हणजे दुनिया तेव्हा एक ज, आणि ‘शंभर वर्षे जग’ असा आशीर्वाद दिला की दुसरा. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे संदर्भाने कळते. यंत्राला कुणीतरी सांगावे लागते. हे सांगण्यासाठी प्रोग्रामर असण्याची गरज नाही. प्रत्येक भाषेचे उच्चारनियम आणि अपवादात्मक शब्दांची यादी साध्या मजकुराच्या दोन फायलींत असते. कुणीही उघडून वाचू शकतो, दुरुस्ती सुचवू शकतो. इन्स्टॉलरमध्ये येणारे शब्द तर मोजकेच. ‘डिस्क’, ‘विभाजन’, ‘जाळे’, ‘परवलीचा शब्द’, ‘पुसून टाका’. यांतला एकही शब्द ऐकताना संदिग्ध राहता कामा नये. शेवटचा तर मुळीच नाही.

मी आणि माझ्या सहाध्यायाने अशी एक यादी करायला घेतली आहे. तो ऐकतो आणि चूक पकडतो, मी लिहून घेते. अर्जनवीस म्हणून नव्हे, कारण लिहून झाल्यावर तो ती फाइल स्वतः पुन्हा ऐकून तपासतो आणि माझ्याच चुका काढतो. ‘च’, ‘ज’, ‘झ’ असलेले, दोन तऱ्हेने उच्चारले जाणारे शब्द तुम्हाला आठवत असतील तर या धाग्याखाली लिहा. शब्दासोबत अर्थ आणि एखादे छोटे वाक्य द्या. तुमच्या तालुक्यात उच्चार वेगळा असेल तर तालुक्याचे नावही द्या. जिंतूर आणि गंगाखेड यांच्यात आत्ताच दोन शब्दांवरून वाद सुरू झाला आहे.